आत्याला स्टँडबाय

माझ्या मुलीच्या हळदीला मी दुसऱ्याच मुलीच्या लग्नातलं गाणं स्पीकरवर लावलं. ते दुसरं लग्न मोडलेलं होतं, आणि ती दुसरी मुलगी त्या वेळी मांडवात हळदीची वाटी घेऊन उभी होती.

आता कोणी म्हणेल, चुकून झालं असेल. तसं म्हणणाऱ्याचा मला राग येतो. चुकून माणूस चहात मीठ टाकतो. मी ह्या गोष्टीची दीड महिना तयारी केली होती. दोनदा चाचणी घेतली होती. चाचणी पास झाली म्हणून मी स्वतःला शाबासकीही दिली होती.

सगळ्याचं मूळ 'काहीतरी वेगळं' ह्या दोन शब्दांत आहे. हे शब्द ज्याने लग्नात आणले त्याला धरून मी दोन दिवस तारापूरच्या एमआयडीसीतल्या रसायनांच्या नाल्याकाठी बसवीन. आमच्या खात्यातल्या एकाच्या मुलाची वरात जेसीबीच्या बकेटमध्ये बसून निघाली. व्हिडिओ साऱ्या बोईसरने पाहिला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो बाप असा चालत होता जणू जेसीबी त्यानेच शोधून काढला. आणि मी, बावीस वर्षं पंप दुरुस्त करणारा शहाणा माणूस, डाळीत चमचा फिरवत विचार करत होतो, आपण फोर्कलिफ्ट का आणू नये?

फोर्कलिफ्ट कंपनीने दिली नाही. मग मी आमंत्रणपत्रिका बियांच्या कागदावर छापायची काढली. वाचून झाली की मातीत पुरायची, अंबाडी उगवते. नमुन्याची पहिली पत्रिका मी चिंचणीला भावाच्या वाडीत नेऊन दाखवली. भावाने ती ओट्यावर ठेवली, आणि ती कोंबड्यांनी खाल्ली. परतभेट म्हणून सुक्या बोंबलांचे सजवलेले डबे द्यावेत, ही माझी पुढची कल्पना. बायको म्हणाली, "द्या. पाहुण्यांच्या गाड्यांत वास बसला की वर्षभर आपली आठवण काढतील."

मुलीने माझ्या सगळ्या कल्पनांतली एकच मान्य केली. हॉल नको, लग्न भावाच्या चिकूच्या वाडीत, झाडांखाली. बाकी तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. हळदीला आत्येआजीने गायचं, आणि घरची पहिली हळद आत्येआजीच्या नातीने लावायची.

ह्या दोघींबद्दल सांगायला हवं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, चिंचणीलाच राहते. आमच्या घराण्यात गेली पन्नासेक वर्षं जेवढ्या मुलींना हळद लागली तेवढ्यांची गाणी तिने म्हटली. ती गाणी कुठे लिहिलेली नाहीत. आधी देवांची नावं येतात, मग नवरीचं, नवऱ्याचं, मग आई, बाप, मामा, मावशी. एकेका माणसाला एकेक कडवं. दर लग्नात नावं बदलतात, म्हणून दर लग्नाचं गाणं नवं. नावात चूक झालेली आत्याला खपत नाही. मध्येच थांबते, विचारून घेते, मगच पुढे जाते. आमच्याकडच्या मुली लहानपणापासून वाट बघतात, आपलं नाव आत्येआजीच्या तोंडून कधी येईल. माझी मुलगी पाच वर्षांची असताना गादीवर उशी मांडून स्वतःलाच हळद लावायची आणि आत्यासारखा आवाज काढून स्वतःचंच नाव घ्यायची.

आणि आत्याची नात. माझ्या मुलीपेक्षा तीन वर्षांनी मोठी, दोघी एका शाळेत, एका रिक्षात. तिचं लग्न तीन वर्षांपूर्वी झालं आणि दीड वर्षात मोडलं. का मोडलं ते तिने सांगितलं नाही आणि ते विचारायचा आम्हाला हक्कही नव्हता. पण विचारलं सगळ्यांनी. ती आत्याकडे येऊन राहिली, बोईसरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये कामाला लागली. घरातल्या कुठल्याही कार्याला जायची बंद झाली. माझ्या मुलीने तिच्या मागे लागून, रुसून, भांडून तिला हो म्हणायला लावलं होतं.

आमच्यातल्या दोन-तीन बायका कुजबुजल्या, तिच्या हातची पहिली हळद कशाला? माझ्या कानावर घातलंही. मी काय म्हणालो? "बघू." हा माझा शब्द. नको तिथे फोर्कलिफ्ट आणायला निघणारा मी, हवं तिथे 'बघू' म्हणालो. आजही तो शब्द आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आत्याला दिवाळीपासून खोकला होता. आणि इथे माझी अक्कल जागी झाली. कारखान्यात एकही महत्त्वाचा पंप एकटा नसतो. एक चालतो, शेजारी दुसरा तयार उभा असतो. पहिला थांबला की दुसरा आपोआप सुरू. त्याला स्टँडबाय म्हणतात. मी विचार केला, मुलीचा एवढा जीव ह्या गाण्यात, आणि आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ऐन वेळी ठसका लागला तर? आत्यालाही स्टँडबाय हवा.

तो माझ्याकडे होता. तीन वर्षांपूर्वी नातीच्या हळदीला मी माझा फोन मांडवाच्या खांबाला फुलांच्या मागे बांधून आत्याचं सगळं गाणं टेप करून ठेवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. कुतूहल म्हणून केलं होतं, मग विसरलो होतो. ते मी शोधून काढलं. स्पीकरवाल्याकडे, म्हणजे बोईसरच्या एका तरुण माणसाकडे दिलं. त्याने मागे थोडा ताल घातला, खरखर काढली, आणि त्याच्या दुकानात मला ऐकवलं. गणपती आला, कुलदेवी आली, गावदेवी आली. आवाज खणखणीत. मी म्हटलं, झकास, बंद कर. आठवड्याने पुन्हा गेलो, पुन्हा देवांपर्यंत ऐकलं, पुन्हा म्हटलं झकास.

जन्मभर ही गाणी ऐकलेला माणूस. देवांनंतर माणसांची नावं येतात हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण मी तिथे गाणं ऐकायला गेलोच नव्हतो. मी पंप चालू होतो का ते बघायला गेलो होतो.

स्पीकरवाल्याला मी बजावून सांगितलं, "अम्मा गाते गाते रुक गई, तो तुरंत ये लगा देना. गॅप नहीं चाहिए."

हळद लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी होती. मे महिना, चिकूच्या सावलीतही अंगाला घामाच्या धारा. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन मासवणहून तीन बायका आल्या होत्या, त्यांत नवऱ्याची मावशी. मुलगी पाटावर बसली, मावशीने शकुनाची दोन बोटं तिच्या गालाला लावली. नात वाटी घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. मुलीने तिच्याकडे बघून जीभ काढून दाखवली आणि नात हसली. तिला हसताना मी दीड वर्षात पाहिलं नव्हतं.

आत्याने सूर लावला. खोकला नाही, काही नाही. देव झाले. माझ्या मुलीचं नाव आलं. पोरीने डोळे मिटून घेतले. नवऱ्याचं नाव आलं, त्याच्या आईबापाचं आलं. मग आत्या थांबली. मावशीकडे वळून तिने विचारलं, "नवऱ्याच्या मामाचं नाव काय गो?"

झालं. अम्मा रुक गई.

चिकूच्या झाडाला बांधलेल्या दोन स्पीकरमधून आत्या गायला लागली. मागे ढोलाचा ताल. खरी आत्या तोंड उघडं ठेवून वर झाडाकडे बघायला लागली. बायका हसल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. लिहायला लाज वाटते, पण पहिली टाळी माझी होती. मला वाटलं, बघा, यंत्रणा चालली.

गणपती. कुलदेवी. गावदेवी. आणि मग नातीचं नाव.

त्यामागून त्या माणसाचं.

नातीचा हात वाटीत होता तो वाटीतच राहिला. मांडवातली सगळी डोकी एकदम तिच्याकडे वळली. कोंबड्यांना दाणे टाकल्यावर वळतात तशी. नवऱ्याची मावशी आपल्या बायकांना मोठ्याने विचारत होती, "हा कोन? आपल्या पोराचं नाव हे कुठं हाय?" आणि स्पीकर पुढे चाललेलाच, त्या माणसाची आई, त्या माणसाचा बाप, त्याची बहीण, सगळ्यांना एकेक कडवं, तालासकट.

मी धावलो. स्पीकरवाला कुठेतरी झाडामागे फोनवर बोलत होता. त्याच्या टेबलावर एवढी बटणं. एक फिरवलं, आवाज वाढला. दुसरं दाबलं, घुमायला लागला. शेवटी मी एक जाडी वायर धरून उपटली. ती पंख्यांची निघाली. मांडवातले सगळे पंखे थांबले, आणि त्या शांततेत त्या माणसाच्या मामाचं नाव साऱ्या वाडीला अगदी स्वच्छ ऐकू गेलं.

स्पीकरवाला धावत आला आणि त्याने एका बोटाने ते बंद केलं. मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "आपने ही तो बोला था, अम्मा रुके तो बजा देना."

त्याने सांगितलं तेवढंच केलं होतं. माझे पंपसुद्धा कधी इतके आज्ञाधारक नव्हते.

नातीने वाटी हळूच पाटाजवळ ठेवली. आत्या उठली. नातीचा हात धरला आणि दोघी वाडीच्या फाटकातून चालत बाहेर पडल्या. माझी मुलगी पाटावर बसून राहिली. गालाला उष्ट्या हळदीची दोन बोटं लागलेली, बाकी चेहरा कोरा. मी जवळ गेलो. म्हटलं, "मी आणतो त्यांना परत. मी काहीतरी करतो."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही काही करू नका. आजपासून काहीच करू नका. उद्या त्या दोघी आल्या नाहीत ना, तर माझ्या लग्नात माझं असं कोणी नसेल."

"अगं, आम्ही आहोत ना..."

"तुम्ही आहात हे दिसलं आत्ताच."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी स्कूटर काढली. आत्याचं घर पायी दहा मिनिटांवर. पण अर्ध्या वाटेत फोन वाजायला लागला, म्हणून ताडाच्या झाडाखाली थांबून बघितला. घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने, काढलेला. स्पीकर, माझी धावपळ, आणि मग कॅमेरा सावकाश फिरत जाऊन नातीच्या चेहऱ्यावर थांबलेला. खाली लिहिलेलं, 'नवरी एक, नवरदेव दुसराच'. त्याखाली रडेपर्यंत हसणाऱ्या तोंडांची रांग.

मी त्याला फोन लावला आणि भर रस्त्यात असा ओरडलो की ताडगोळे विकणारी बाई हातातला कोयता खाली ठेवून बघायला लागली.

"काढ तो व्हिडिओ! आत्ता काढ!"

"भावोजी, एवढं काय त्यात? गंमत आहे. आणि वाजवलंत तुम्हीच ना?"

"मी गाढव आहे म्हणून वाजवलं. तू तिच्या तोंडावर कॅमेरा कशाला नेलास?"

"तुम्ही नाही का मागे पाठवला होतात, तो घोड्यावरून पडलेला नवरा? तो पण कोणाचा तरी मुलगाच असेल की."

व्हिडिओ त्याने काढला, पण तोवर तो पोचायचा तिथे पोचला होता. आणि खरं सांगायचं तर मला जास्त राग आला तो मेहुणा खरं बोलला म्हणून. तो घोड्यावरचा नवरा मी अकरा जणांना पाठवला होता.

आत्याच्या घरी दार नातीने उघडलं. डोळे कोरडे. "या काका," म्हणाली. त्या 'या'मध्ये 'बसा' नव्हतं. आत्या ओटीवर सूप पुढ्यात घेऊन चिंच फोडत बसली होती. चिंचोके एका बाजूला, गर दुसऱ्या बाजूला. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

मी सुरू केलं. "आत्या, टेक्निकल फॉल्ट झाला..."

"कोनाचा?"

"म्हणजे, तो स्पीकरवाला..."

"कोनाचा फॉल्ट, ईचारते."

"माझा."

"हां." एक चिंच फुटली. "आता सांग, माजं गानं तुज्याकडं आलं कसं?"

मी सांगितलं. खांब, फुलं, फोन. सांगताना मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे ऐकायला चोरीसारखं वाटतंय. आणि लगेच कळलं की ते चोरीसारखं नाही, चोरीच आहे.

आत्याने हात थांबवला. "त्या दिवशी मी हिच्यासाठी गायले. हिला दिलं ते. चांगलं झालं, वाईट झालं, तिचं तिच्यापाशी. तू ते तिच्या अंगावरनं काडून घेतलंस, आनि तुज्या पोरीच्या अंगावर घालायला निगालास. धुतलं पन नायस."

"आत्या, तुला खोकला होता म्हणून मी..."

"खोकला येईल तर खोकीन. मेले तर दुसरी कोनी म्हनंल. आमी बाया काय मेल्यात सगळ्या? पंप हाय मी तुजा?"

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच बरोबर ओळखलं होतं.

मी नातीकडे वळलो. म्हटलं, "पोरी, माझं चुकलं. हा घे फोन. तुझ्या हाताने पुसून टाक ते."

तिने फोन घेतला. मला वाटलं, आता पुसेल, निदान भिंतीवर तरी फेकेल. मी असतो तर फेकला असता. तिने गाणं लावलं, तालाशिवायचं, मुळातलं. आवाज बारीक करून फोन कानाशी धरला आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ऐकत राहिली. बराच वेळ.

मग नात म्हणाली, "ह्यात माझ्या बाबांचं कडवं आहे." तिचे बाबा, म्हणजे आत्याचा मुलगा, गेल्या वर्षी वारले. "हे मी माझ्या फोनवर पाठवून घेते. तुमच्याकडचं पुसते. आणि त्या स्पीकरवाल्याकडचंही आजच्या आज पुसून घ्यायचं, काका. तुम्ही स्वतः उभे राहून."

"आत्ता जातो."

"माझं नाव वाजलं त्याचं मला काही नाही," ती फोनवर बोटं फिरवत म्हणाली. "माझं नाव आहे, वाजू दे की. पण सगळी वळली ना माझ्याकडे, तेव्हा एकजण तरी म्हणायला हवा होता, वळू नका. तुम्ही पंखे बंद करत होतात."

मला खूप राग आला होता आणि तो काढायला त्या ओटीवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

एवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. चालवत माझी बायको, मागे माझी मुलगी. हळद गालावर वाळून तडकलेली, पिवळी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय धुळीने भरलेले.

आत्या ताडकन उठली. "अगो ए! हळद लागल्यावर मांडव सोडतात का? अक्कल हाय का नाय? बाप तशी लेक!"

"कुठे लागली हळद?" मुलगी म्हणाली. "दोन बोटं लागली, तीही मासवणवाल्यांची. जिने लावायची ती निघून आली. जिने गायचं तीही आली. मग मी काय तिथे पंख्याखाली बसू? पंखेही बंद आहेत." तिने पदराच्या आड धरलेली वाटी काढली. नातीने ठेवली होती तीच. पुढे होऊन नातीच्या हातात दिली आणि ओटीवर तिच्यासमोर मांडी घालून बसली. "लाव."

"सगळे काय म्हणतील?" नात हळूच म्हणाली.

"सगळे तिथे वाडीत आहेत. इथे कोण आहे?"

नातीने वाटीत बोटं बुडवली. तिने मुलीच्या कपाळाला, मग गालांना, मग मानेला हळद लावली, आणि एकाएकी दोघीही हसायला लागल्या, कारण घामाने हळद सरळ नाकावरून ओघळली. बायकोने तोंडाला पदर लावला होता. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

आत्या उभीच होती. थोड्या वेळाने खाली बसली, चिंचेचं सूप पायाने बाजूला सरकवलं.

"उद्या येनार हाव आमी दोघी," ती माझ्या मुलीला म्हणाली. "पन मांडवात तो भोंगा दिसता कामा नये. आनि ही पाटाजवळ बसंल. मागं नाय, पाटाजवळ. कोनी काय बोललं तर मी गानं तिथंच थांबवीन."

"बोलू देणार नाही कोणाला," मी म्हणालो. 'बघू' म्हणालो नाही. पण माझ्याशी कोणी बोलतच नव्हतं.

"नवऱ्याच्या मामाचं नाव सांग," आत्या मुलीला म्हणाली. मुलीने सांगितलं. आत्याने सूर लावला, देवांपासून पुन्हा, आणि ओटीवर हळदीचं गाणं सुरू झालं. मध्ये दोनदा ठसका आला. दोन्ही वेळा ती थांबली, पाणी प्याली, पुढे म्हणायला लागली. कोणालाही घाई नव्हती. मुलीचं नाव, नवऱ्याचं, त्याच्या आईबापाचं, मामाचं. मग आमच्या बाजूची. मुलीच्या आईचं कडवं झालं. माझा भाऊ झाला, भावजय झाली. नातीचं नाव आलं, नवरीची बहीण म्हणून, आणि नातीने मान खाली घातली.

मी वाट बघत होतो. सावरून उभाही राहिलो होतो. आत्या थेट मुलीच्या मामावर गेली, व्हिडिओवाल्या मेहुण्यावर! त्यालासुद्धा कडवं मिळालं.

माझ्या बायकोला राहवलं नाही. "आत्या, ह्यांचं राहिलं. नवरीच्या बापाचं."

आत्याने एकदा माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"त्याला घातला की गानं बिघडतं," ती म्हणाली. "पुडचं नाव सांग."